'नाही' म्हणायची तालीम

—आणि ते चुंबन म्हणजे माझा स्वतःचाच हात, ओल्टमानबाई! हा असा, उजव्या हाताची ही पाठ. एकतीस वर्षं पडद्यावर कोण कोण कुणाकुणाच्या गळ्यात पडलं, त्या सगळ्याचा आवाज ह्या हाताचा. तिकडे हिरोचं जर्मन बोलणारा त्याच्या माइकपुढे त्याच्या हाताशी, इकडे मी माझ्या हाताशी, मध्ये दीड मीटर जागा — हल्ली तर तेवढंही नाही, हल्ली तो मंगळवारी येऊन आपलं अर्धं चुंबन देऊन जातो, मी गुरुवारी जाऊन माझं अर्धं देते, मग कुणीतरी बसून दोन्ही शिवतं, आणि अख्खं जर्मनी सोफ्यावर बसून डोळे पुसतं. अहो, हसू नका! डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडतील. तीन दिवस म्हणजे तीन दिवस — आवाज नाही, कुजबुज नाही, हसूसुद्धा नाही. हसायचं असेल तर पाटीवर लिहा. काय लिहिलंत, 'हा हा'? बरोबर. शिस्तीच्या आहात. पोहायला शिकवणारी माणसं शिस्तीचीच असतात.

काय जोडी जमवलीय पण ह्यांनी ह्या खोलीत! तुम्ही तलावाच्या काठावर उभं राहून 'पाय मारा, पाय मारा' ओरडत गळ्यात गाठ करून घेतलीत, आणि मी काळोख्या खोलीत उभी राहून उसासे टाकत टाकत. तुमची काल काढली, माझी उद्या सकाळी आठला. गाठ साधी आहे, जिवाला काही नाही — पण आवाज बदलणार, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय. 'तुमचा तो प्रसिद्ध आवाज परत येईल असं समजू नका.' मी म्हटलं, बरं. त्यांना वाटलं मला नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं. मी पुन्हा म्हटलं, बरं. मग म्हणाल्या, इतके महिने गप्प बसलात, आता उद्या कापायचंच आहे तर आज वाटेल तेवढं बोलून घ्या. चूक त्यांची, भोगताय तुम्ही.

चारला हार्टमुट येणार आहे. माझा नवरा. किती वाजले — अडीच? म्हणजे दीड तास. दीड तासात मला एक शब्द बसवायचाय, ओल्टमानबाई. एकच. 'नाही.' तो येताना यंत्र घेऊन येणार, रेकॉर्ड करायचं, चांगल्यातलं, कुणाकडून तरी मागून आणलंय — माइकवर केसाळ टोपी असते ना, मेलेल्या उंदरासारखी, तसल्यातलं. उद्या आवाज जाणार, म्हणून आज माझे सगळे उसासे एकदा नीट, ओळीनं, उतरवून घ्यायचेत त्याला. वीस मिनिटं फक्त. 'ती खोली छान शांत आहे, रोस्विथा, आणि शेजारच्या बाईंना बोलायला बंदीच आहे.' म्हणजे तुमचीसुद्धा सोय लावून टाकली त्यानं! आणि मी नाही म्हणणार आहे. का, ते विचारू नका. आठवण म्हणून मागतोय बिचारा, त्यात वाईट काय — असंच लिहिताय ना? दिसतंय मला इथून. वाईट नाही. वाईट नाहीच. पण नाही.

मला सांगा — सांगा म्हणजे मान हलवा — तुम्ही बघता ना पिक्चर? रविवारी, पाय वर घेऊन? सगळ्याच बघतात. माझं मत असं, कुणी विचारलं नाही तरी सांगते, की आपल्या पिढीच्या बायकांना पलंगावर कसं असायचं ते आईनं शिकवलं नाही, पास्टरनं शिकवलं नाही, शाळेत एक तक्ता दाखवला त्यात आतडी तेवढी कळली. शिकवलं ते पिक्चरनं. आणि पिक्चरनं काय शिकवलं, कसं वाटतं ते? छे! कसं दिसतं ते. आणि त्याहून जास्त, कसं ऐकू येतं ते. मान मागे, डोळे मिटलेले, आणि मग तो आवाज. माझ्या कागदांवर सेकंद लिहिलेले असतात म्हणून मला पक्कं ठाऊक — अडतीस सेकंद. दारापासून समाधानापर्यंत! अडतीस सेकंदांत अंडं उकडत नाही हो! आणि घरोघर बायका आपल्याच नावानं खडे फोडत पडून राहतात, की तिचं होतं अडतीस सेकंदांत, माझंच काहीतरी बिघडलंय. मला पत्रं यायची ना. कासेलच्या एका बाईंचं होतं — 'आदरणीय बाई, तुमचा तो बोटीतला उसासा मी आरशासमोर बसून शिकून घेतला. तेव्हापासून आमचा संसार फार सुखात आहे. आमच्या ह्यांना अजून काही कळलेलं नाही.' सुखात! फ्रिजवर लावलं होतं मी ते पत्र. ब्रेमेनला तर एका खलाशाच्या घरी पोपट होता, तो टीव्हीवरून शिकला. खलाशी सहा महिन्यांनी घरी आला, बायको बाहेर गेलेली, आणि पोपटानं अगदी मन लावून तो उसासा टाकला. झाला घटस्फोट! — बरं, घटस्फोट नसेल झाला. पोपटही नसेल. पण उसासा होता, एवढं खरं. तेव्हा हसू यायचं मला ह्या सगळ्याचं.

तो बोटीतला ऐकलाय ना तुम्ही? कोरा डेलेनीचा. तिचा म्हणजे माझाच. ती अमेरिकन बाई आपल्याकडे जे काही बोलते ते मी, चौऱ्याण्णव सालापासून. एखाद्या नटीला तुमचा आवाज लागला की लागला, लोकांना दुसरा चालत नाही, नवऱ्यापेक्षा घट्ट गाठ. तर त्या पिक्चरमध्ये ती त्या कोळ्याबरोबर बोटीत असते, कॅमेरा तिच्या पाठीमागे, तोंड दिसत नाही, नुसते केस. आणि आता ऐका — मूळ पिक्चरमध्ये ती गप्प असते! पूर्ण गप्प. हुं नाही की चूं नाही. बोटीखालचं पाणी तेवढं वाजतं. मी पाहिलं तेव्हा सर्रकन काटा आला अंगावर. आणि आमचा दिग्दर्शक, बोडो, म्हणतो, 'हे असं सोडता येणार नाही. लोकांना वाटेल आवाज गेला. उठून टीव्हीला थापा मारतील.' खरंच म्हणाला! डबिंगमध्ये जिथे तोंड दिसत नाही तिथे वाटेल ते भरता येतं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. 'भर काहीतरी,' म्हणाला, 'गरम काहीतरी. मागे व्हायोलिन मी घालतो.' आता त्या दिवशी माझी ही वरची डावी दाढ, मागून दुसरी, अशी ठणकत होती की विचारू नका. सकाळीच दातांच्या डॉक्टरांनी तात्पुरतं भरून दिलं होतं आणि बजावलं होतं, गार हवा ओढू नका. मी माइकपुढे उभी राहिले, लाल दिवा लागला — तो लागला की रेकॉर्डिंग सुरू, मग माघार नाही — गरम काहीतरी भरायला म्हणून श्वास आत ओढला — आणि ती गार हवा गेली की थेट दाढेत! असं — हाऽऽ — आणि शेवटी तो बारीकसा अडकलेला, क्क्, असा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि काचेपलीकडे बोडो टाळ्या पिटतोय. दुसऱ्याच दिवशी दाढ काढून टाकली मी. ठेवली असती तर आणखी दोन-चार पिक्चर निघाले असते तिच्यावर.

आणि देशभर गाजला की तो! एका मासिकात लेख आला, 'स्त्रीच्या अंतरंगाचा स्वर.' अंतरंग! एक बाई गप्प होती, तिच्या गप्प राहण्यात दुसऱ्या बाईची दाढ भरली, आणि ते ऐकून घराघरातल्या बायका... ओल्टमानबाई? तुम्ही का लाल झालात? अगंबाई. तुम्हीसुद्धा? तो शेवटचा 'क्क्' धरून? लाजताय काय, कासेलच्या बाईंनी तर सही करून पाठवलं होतं. किती वर्षं? लिहा, मी कुणाला सांगतेय. अठरा. अठरा वर्षं माझी दाढ दुखतेय तुमच्या घरात! माफ करा. नाही, थट्टा नाही करत, खरंच माफ करा.

हार्टमुटनंही दाढेशीच लग्न केलं म्हणा. शनिवारची सकाळ, बेकरीची रांग. मी म्हटलं, 'खसखशीचे चार पाव द्या, आणि एक मोठा राय धान्याचा, कापून' — एवढंच! — तर मागून एक माणूस म्हणतो, 'क्षमा करा, तुम्ही बोटीतल्या का?' हातात कापडी पिशवी, पँटीला सायकलचे चिमटे. मला हसूच आलं. आवडला हो मला तो. बागेत बसायचं झालं तर आधी माझी खुर्ची पुसणार, मग आपली. थंडीत माझे पाय स्वतःच्या पोटाला लावून घेतो, बर्फासारखे असतात तरी. तो वाईट माणूस नाही. मघाशी तुम्ही जे लिहून पुसलंत ना, ते मी वाचलंय. तसं नाहीये ते. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही बाल्टिक समुद्राकाठी तंबू टाकला होता. भर दुपार, बाहेर पाऊस, सतरंजीत वाळू. आणि तेव्हा एकदा — एकदाच हं — माझ्या तोंडातून एक आवाज निघाला. माझा. तोंडातून कसला, नाकातून. हसणं आणि शिंक ह्यांच्या मधलं काहीतरी, डुकराच्या पिल्लाला गुदगुल्या कराव्यात तसं. माझं मलाच नवल वाटलं. इतकं बरं वाटत होतं, ओल्टमानबाई, इतकं मोकळं, की म्हटलं निघू दे काय निघायचं ते! आणि हार्टमुट थांबला. चष्मा शोधला, लावला, आणि म्हणाला, 'काय होतंय? पोटात दुखतंय का?' इतक्या काळजीनं विचारलं हो! बडीशेपेचा चहा करतो म्हणाला. मी काय सांगणार? म्हटलं, नाही रे, काही नाही. आणि मग त्याला बरं वाटावं म्हणून — फक्त त्याला बरं वाटावं म्हणून — तो दाढेतला दिला. त्याचा चेहरा असा उजळला, दिवा लावल्यासारखा. झालं. तेवीस वर्षं झाली त्याला. दिवसा स्टुडिओत तोच, घरी आल्यावर तोच. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

किती वाजले? सव्वातीन! चला, तालीम करू या. तुम्ही हार्टमुट. बसा तशाच, हात मांडीवर, मान जरा तिरकी — अगदी तस्सं, तुम्ही नाटकात जायला हवं होतं. 'रोस्विथा, फक्त वीस मिनिटं.' नाही. — कसं वाटलं? मान का हलवताय? बरं, पुन्हा. नाही. घसरलं ना शेवटाला? नाऽही. लोण्यावर पाय पडल्यासारखं जातंय. अहो, मी तरी काय करू, गळ्याला वळणच तसं लागलंय! चारशे-साडेचारशे 'नाही' दिलेत मी पिक्चरला. दारात उभी राहून नाही, गाडीत नाही, लिफ्टमध्ये नाही, गवतात लोळताना नाही — आणि त्यातलं एकही कुणी नाही म्हणून ऐकलं नाही. तो पुढे येतोच. माझ्या कागदावर 'नाही'च्या खालचीच ओळ 'उसासा' असते, मध्ये एक रिकामी ओळसुद्धा सोडत नाहीत! सुरुवातीला मी आपली सरळ म्हणायचे, आई टेबलावर चढलेल्या कुत्र्याला म्हणायची तसं. तर बोडो काचेमागून म्हणायचा, 'रोस्विथा, छान आहे, पण त्या नाहीमधलं नाही जरा कमी कर.' कमी कर! केलं मी कमी. चहातली साखर कमी करतात तसं, दर वर्षी अर्धा चमचा. आता तुम्हीच सांगा, काही उरलंय का त्यात? आणि हे सगळे ऐकतात हं. बाया ऐकतात, बाप्ये ऐकतात, चौदा वर्षांची पोरं ऐकतात. कुठल्या तरी गावात कुठली तरी पोरगी गाडीत बसून नाही म्हणते, आणि शेजारी जो बसलाय त्याच्या कानांत आधीपासून मी बसलेय. हा विचार आला ना, की — जाऊ दे. पुन्हा. नाही. नाही. तुमचं कसं होतं हो, तलावावर? 'पळायचं नाही!' म्हणताना? जागच्या जागी थिजत असतील पोरं. तुमची गाठ कमाईची आहे, ओल्टमानबाई. माझी नुसतीच आहे.

का नाही म्हणायचंय ते... बरं, सांगते. सांगणार नव्हते. गेल्या हिवाळ्याच्या आधी आमच्या जिन्यात चिठ्ठी लागली. तळमजल्यावर क्वास्ट म्हणून आहेत, निवृत्त, सगळ्या चिठ्ठ्या तेच लावतात — सायकली, कचऱ्याचे डबे, कुणाचं मांजर कुठे बसलं. ह्या वेळची अशी: 'आदरणीय रहिवासी, दुपारी एक ते तीन ही विश्रांतीची वेळ आहे. मंगळवारी व गुरुवारी ह्या वेळात होणारे वैयक्तिक आनंदाचे आवाज कृपया खिडक्या लावून करावेत.' वैयक्तिक आनंद! खाली सही, शिक्का. आणि अख्खी इमारत मला बघून गालातल्या गालात हसतेय, कारण आवाज कुणाचा हे काय सांगायला हवं? अहो, पण मंगळवार-गुरुवार मी स्टुडिओत असते! दुपारी एक ते तीन मी त्या कोंदट खोलीत माझ्या हाताला मुके देत उभी असते! म्हटलं, अच्छा — म्हणजे शेजारीण. यांका म्हणून आहे, बस चालवते, तिशीसुद्धा नाही. माझी दाढ हिनं उचललीन वाटतं! खरं सांगू, मजा वाटली मला. जरा फुशारकीही. जेवताना हार्टमुटला सांगितलं तर म्हणाला, 'असेल.' असेल म्हणाला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग एका गुरुवारी स्टुडिओतली वीज गेली, मी दीडलाच घरी आले. जिन्यात यांका भेटली, पहाटेची ड्युटी करून आलेली, डोळे तारवटलेले. मी अगदी थोरल्या बहिणीच्या मायेनं तिला म्हटलं, 'अगं, शिकायचंच तर नवं काहीतरी शिक, तो फार जुना झाला.' ती म्हणाली, 'काकू, मी एकटी असते. आणि झोपलेली असते, म्हणजे झोपायचा प्रयत्न करत असते. ते तुमच्याकडून येतं.'

आणि तेवढ्यात यायला लागलं की. आमच्या दारातून. मी! पायरीवर मी उभी, हातात कोबी, आणि दारामागे मी. बोटीतली, चौऱ्याण्णव सालची, मागे व्हायोलिन. — नाही हो, बाई नव्हती कुणी. मलाही क्षणभर तेच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बाई असती तर बरं झालं असतं. बाईच्या झिंज्या धरता येतात. आत हार्टमुट एकटाच. सगळ्या पिक्चरमधले माझे तुकडे कापून, जोडून, सालावार लावून ठेवलेत त्यानं. मला बघून दचकलासुद्धा नाही. पांघरूण सारखं केलं आणि म्हणाला, 'तू दमून येतेस ना. तुला त्रास नको म्हणून.' म्हणजे माझ्याच काळजीपोटी बघा! आणि मी काय केलं? मी कोबी चिरला.

तेवढंच असतं तर मी वीस मिनिटं दिलीही असती हो. मरू दे, म्हटलं असतं, माणसाला काहीतरी नाद असतो, कुणाला तिकिटं जमवायचा, कुणाला टपऱ्यांवर बिअर प्यायचा. पण मग माझा गळा बसला. आठ महिने झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जमेल तेवढं गप्प राहा. हार्टमुट म्हणाला, हरकत नाही. 'तू बोलू नकोस. तू फक्त इथे राहा.' आणि लावतो ते. मी शेजारी असताना लावतो, ओल्टमानबाई. मी आपली तोंड मिटून छतावरचा ओलीचा डाग बघत पडलेली, आणि तिकडे कपाटावरून मीच उसासे टाकतेय. कधी कधी वाटतं तीच खरी आणि मला कुणीतरी तिच्यावरून बेतून काढलीय. कधी कधी मी तिच्या चुकण्याची वाट बघत पडते. चुकत नाही मेली. तिसऱ्या मिनिटाला तोच 'क्क्'. आणि एकदा, मार्च महिन्यात — अहो, माणूस आहे मी, पाय उबदार होते, खिडकीतून ऊन आलं होतं — आणि मला आतून काहीतरी यायला लागलं. वर, वर, नाकाच्या बाजूनं. ते पिल्लू हो! तंबूतलं! इतक्या वर्षांनी, त्या फुटक्या गळ्यातून! मी तोंड उघडलं. आणि हार्टमुटनं माझ्या ओठांवर बोट ठेवलं. अगदी हळू. म्हणाला, 'शू. ऐकू दे.'

...नको, काही लिहू नका. आणि रडू नका, रडण्याचाही आवाज होतो, तुमच्या टाक्यांना — टाके नसतात म्हणा तिथे. हा घ्या रुमाल. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला बोलता येत नाही म्हणून सांगून बसले. परवा तोंड उघडाल तेव्हा विसरून जा.

म्हणून नाही. कळलं ना? त्या जुन्या तुकड्यांत व्हायोलिन आहे, पाणी आहे, मध्येच तो कोळी धापा टाकतो. हार्टमुटला नुसती मी हवी आहे. 'फक्त तू, रोस्विथा, बाकी काही नको' — तेवीस वर्षांत इतकं गोड बोलला नव्हता तो. आणि वीस मिनिटं स्वच्छ, नुसती मी, दिली की संपलं. मग उद्या माझ्या गळ्यातून काय निघेल — कावळा निघेल, कोंबडी निघेल, पिल्लू निघेल — ते ऐकायची त्याला कधी गरजच नाही. जुनी पलंग अडवून बसणार आणि नवी दारात उभी, पाहुणीसारखी. पण नाही दिली तर? तर त्या व्हायोलिनचा त्याला कंटाळा येईल. आज ना उद्या येईलच. आणि मग एखाद्या मंगळवारी तो म्हणेल, 'रोस्विथा, तू आता कशी आहेस ते ऐकव की.' का नाही म्हणणार? पाय गरम करणारा माणूस आहे तो. म्हणेल. फक्त आज मला एवढा एक शब्द नीट म्हणता आला पाहिजे. पोटातून. तुम्ही दाखवलंत तसा, हात इथे ठेवून — नाही. हं! हा बरा होता? हा बरा होता ना? पुन्हा. ना—

थांबा. त्याचेच बूट. रबराचे तळवे, फरशीवर कुईकुई करतात. चारला अजून दहा मिनिटं आहेत, पण टॅक्स ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस, जन्मभर प्रत्येक गाडीच्या आधी फलाटावर. सरळ बसा. डोळे पुसा. आता बघाच तुम्ही.

ये. ये, हार्टमुट. ह्या ओल्टमानबाई, सांगितलं होतं ना फोनवर. नाही बोलायच्या त्या. — चेरीचा केक? दोघींना? बघा, तुमच्यासाठीसुद्धा आणलाय. ठेव तिकडे. नको, ते नको ठेवूस टेबलावर, ती वायर — हार्टमुट, आधी बस. बस ना. मला एक बोलायचंय. मी ठरवलंय, आणि तू रागावू नकोस, पण... नाही. — नाही म्हणतेय मी. — हो, आवाज बरा लागलाय आज, मलाही ऐकू येतंय. ते नाही म्हणत मी. हार्टमुट, ऐक. नाही. — हसतोस काय असा? काय झालं? 'अस्सं' म्हणजे काय? — कसला कागद? दाखव. यादी... टाइप केलीस? बघू. 'क्रमांक एक...'

'क्रमांक एक: नाही. तीन वेळा.'

...

ओल्टमानबाई, तुम्ही जरा बाहेर बसता का? व्हरांड्यात खिडकीशी बाक आहे, ऊन असेल तिथे आता. केक घेऊन जा तुमचा. वीस मिनिटं. नाही, नको, काही लिहू नका. दार ओढून घ्या. जा ना, बाई — लाल दिवा लागलाय.